स्वस्ताईला घाबरणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका स्वस्ताईला घाबरणारा माणूस अख्ख्या चंडीगडात सापडायचा नाही. मूळचे सांगलीचे, केंद्र सरकारच्या बदल्यांनी इथे येऊन पोचलेले आणि निवृत्तीनंतर इथेच रुजलेले. मोबाइलवर एखादी वस्तू स्वस्त दिसली की त्यांची धावपळ सुरू व्हायची. आपण बटण दाबेपर्यंत हे लोक शब्द फिरवणार, अशी त्यांची खात्री. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग काकूंच्या फोनने त्या स्क्रीनशॉटचा फोटो, आणि शेवटी साक्षीदार म्हणून मला वर बोलावणं. एकदा प्रेशर कुकरच्या किमतीची साक्ष द्यायला मी तोंडाला दाढीचा फेस लावून उभा होतो. "नीट वाच. उद्या कुणी विचारलं तर सांगशील ना?" काका म्हणाले. कोण विचारणार होतं, देव जाणे. पैसे भरून झाले तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. मग कस्टमर केअरला फोन. "वही दाम है ना जी? पक्का?" पलीकडून होकार आला की मगच चहा घशाखाली उतरे.

काकूंना हल्ली फार कमी ऐकू यायचं. दारावरची बेल, पुण्यातल्या नातीचा फोन, सगळंच हातून निसटत चाललं होतं. पण कानाचं यंत्र घ्यायला त्या तयार नव्हत्या. "सत्तर हजार कानात घालून भाजी आणायला जाऊ का?" असं म्हणून त्या विषय संपवत. एका सकाळी तेच यंत्र मोबाइलवर सात हजारांना दिसलं. काकूंनी चष्मा लावून किंमत वाचली आणि चक्क हो म्हणाल्या. काका स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट काढत बसले, म्हणून ऑर्डर मीच दिली. ती नोंदल्याचा मेसेजही आला. आता गप्प बसायचं की नाही? मी चपला घालतोय तोवर काकांनी फोन लावलाच. "सात हज़ार ही ना जी? सत्तर तो नहीं?"

"एक मिनट होल्ड कीजिए, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

संध्याकाळी काकांना मेसेज आला. किंमत चुकून पडली होती, ऑर्डर रद्द, पैसे परत. मला त्यांचा सणसणीत राग आला होता, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेक्टर ३४ मधल्या एका वकिलांना भेटलो. सरदारजींनी सगळं ऐकून घेतलं. "अंकल जी, इश्तिहार, मतलब ऐड, तो बुलावा होता है, वादा नहीं. केस कर लो, पर उनकी शर्तों में लिखा है, रेट गलत हो तो ऑर्डर कैंसल. टाइम लगेगा, और जीत पक्की नहीं."

जिना उतरताना काका म्हणाले, "जेवायला बोलवायचं आणि भरल्या पानावरून उठवायचं, हे कसलं रे बोलावणं?" मग मधल्याच पायरीवर थांबले. "तिला काय सांगू? सात हजार म्हटलं म्हणून हो म्हणालीय ती."

त्यांनी काही सांगितलंच नाही. बँकेतली ठेव मोडली, पूर्ण किंमत भरून यंत्र मागवलं आणि कंपनीनं शब्द पाळला म्हणून काकूंच्या हातात ठेवलं. त्या दिवशी काकू नातीशी इतका वेळ बोलत होत्या की काका गॅलरीत जाऊन डोळे पुसून आले.

आता काकू बिल्डिंगभर त्या कंपनीचं कौतुक करत फिरतात, आणि कुणी किंमत तपासून बघेल या धास्तीनं काकांची झोप उडाली आहे. परवा मी वर गेलो तर काकू म्हणाल्या, "सात हजारच तर आहेत. दुसऱ्या कानालाही घेऊ या म्हणते."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "घेऊ की," ते म्हणाले.

"पण किंमत तीच राहील ना हो?"

"तीच राहील."

तेव्हापासून रोज सकाळी मी मोबाइलवर ते यंत्र उघडून बघतो. किंमत सत्तर हजारच असते. तरी बघतो.