कालवांतले ठिपके

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. संशोधन संस्थेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरताना चपला कुठे काढायच्या, हेसुद्धा मी दोनदा विचारलं.

आई मालवणजवळच्या खाडीत सुकतीच्या वेळी, पाणी ओसरलं की, खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढते. आमचं घर त्यावरच चालतं. यंदा कालवं कमी मिळू लागली, म्हणून कॉलेजच्या सरांनी मला प्रकल्पासाठी तोच विषय दिला आणि तपासणीसाठी या संस्थेत पाठवलं. आईने बर्फाच्या डब्यात कालवं भरून दिली.

"बरी बघून दिलंय. नायतर तुझे सर माका हसतले," ती म्हणाली.

संस्थेच्या फॉर्मवर 'नमुना कसा घेतला' या रकान्यात मी मात्र 'सरसकट' लिहिलं. निवडलेली आहेत असं सांगितलं तर परत पाठवतील, अशी भीती वाटली.

चार दिवसांनी कालवांच्या कल्ल्यांचे पातळ काप रंग लावून तयार झाले. तिथे संशोधन करणाऱ्या एका ताईंनी मला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. वर पावाएवढा एक कॅमेरा होता. अगदी अंधुक उजेडही टिपता यावा म्हणून तो सतत थंड ठेवतात. भर दुपारी ताईंनी पडदे ओढले, दिवे मालवले. संगणकाच्या पडद्यावर हिरवट पेशी उमटल्या आणि त्यांच्यामध्ये बारीक, गोल, झगझगीत ठिपके.

"हे काय?" मी विचारलं.

"घाबरू नकोस. कॅमेऱ्याचेही असतील. काही बिंदू उगाच चमकतात. बिचाऱ्याला रिकाम्या काळोखातही चांदण्या दिसतात," ताई हसत म्हणाल्या. "आपण काप जरासा सरकवू. ठिपके जागच्या जागी राहिले तर कॅमेऱ्याचे. कापाबरोबर सरकले तर कालवाचे."

काप सरकवायचं चाक माझ्या हातात होतं. मला ते फिरवावंसं वाटेना. माझ्या गावच्या कालवांपेक्षा हा महागडा कॅमेराच बिघडलेला निघावा, असं मी मनापासून मागत होते.

मी चाक फिरवलं. ठिपके पेशींबरोबर सरकले. कोपऱ्यातला एक सोडून सगळेच.

ताईंचं हसू थांबलं. त्यांनी कॅमेऱ्यावर झाकण लावून एक चित्र घेतलं. ते काळं होतं, कोपऱ्यात एकच चांदणी. मग दुसऱ्या खाडीतल्या कालवाचा काप लावला. त्यात तेवढी चांदणी सोडली तर ठिपके नव्हते.

"परजीवी वाटतोय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अजून तपासावं लागेल. माणसाला बहुतेक त्रास नाही, पण कालवं मरतात. मेलेल्या कालवातून शेजारच्यात जातो. तू सरसकट आणलीस ना? म्हणजे काही चांगली, काही वाईट?"

तेव्हा मी खरं सांगितलं. आईने हाताने पारखून दिलेली, सगळ्यात बरी हीच होती.

 ताईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी 'सरसकट' खोडलं आणि बाहेर येऊन आईला फोन लावला.

"काय दिसला गो?" तिने लगेच विचारलं.

"आई, वायट कालवां पण होती काय?"

"होती तर! ह्या वर्सा बरीच. तोंड उघडून पडलेली. ती काय तुझ्या सरांका देवची?"

"मगे तेंचा काय केलंस?"

"काय करतंय? दरवर्सा करतंय ताच. परत खडकार टाकलंय. जुन्या शिंपल्यार नवी कालवां धरतत, तुका म्हायत नाय? कॉलेजात ह्या शिकवणत नाय काय?" ती हसली.

मला हे लहानपणापासून माहीत होतं. मी स्वतः टोपली धरून तिच्यामागून फिरले आहे.

"आई, खंयच्या खडकार टाकलंस?"

"सगळ्याच खडकांर गो. खंय कमी पडाक नको."