इंगळेबाबूंचे चिंचोके

कोर्टात नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी मी पाहिलं: एका दाव्याला पुढची तारीख पडली आणि तारखा लिहिणाऱ्या इंगळेबाबूंनी खिशातून चिंचोका काढून टेबलाखालच्या डब्यात टाकला. मला वाटलं, म्हातारा चळला.

डबे चार होते. वकील नाही, साक्षीदार नाही, समन्स पोचलं नाही, कोर्टाला वेळ पुरला नाही. ज्या कारणानं तारीख पडे, त्या डब्यात चिंचोका. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्या तालुक्याच्या कोर्टातले कित्येक दावे मध्य प्रदेश आणि मुंबई अशी दोन राज्यं पाहून तिसऱ्यात आले होते. आम्ही सगळे वकिलांच्या नावानं बोटं मोडायचो. बाबू म्हणायचे, "बोलून काय होते बे? मोजून पाह्य."

वर्षानं वकिलांचा डबा अर्धाच होता. 'वेळ पुरला नाही' मात्र उतू चालला होता. बाबूंनी रोजनामे काढून वार तपासले आणि मटकन खुर्चीत बसले. जवळजवळ सगळ्या तारखा बाजाराच्या दिवसाच्या!

ही चाल बाबूंनीच पाडलेली. खेड्यातल्या माणसाची एका खेपेत दोन कामं व्हावीत, एवढाच हेतू. त्या दिवशी कोर्टात जत्रा भरायची, थोडे दावे चालायचे, बाकीचे नवी तारीख घेऊन परत जायचे. इतर दिवशी दुपारनंतर कामच नसे आणि आम्ही मूर्ख ते आपलं नशीब समजत होतो.

"म्याच केलं बे हे," बाबू म्हणाले.

न्यायाधीश साहेबांना सांगून त्यांनी तारखा सगळ्या वारांवर वाटल्या. पहिल्याच बुधवारी वडनेरच्या पार्वताबाईचा दावा लावला. विहिरीतला तिच्या मेलेल्या नवऱ्याचा हिस्सा दीर नाकारत होता. नऊ वर्षं ती वांग्यांची टोपली घेऊन बाजाराच्या तारखेला यायची. सोबत म्हातारा सखाराम असायचा. दोघा भावांनी मिळून विहीर खोदली, हे पाहिलेला तोच एक उरला होता.

बुधवारी पुकारा झाला. बाई एकटीच उभी राहिली.

"तुमचा साक्षीदार?" साहेबांनी विचारलं.

"सखाराम गेला जी. दिवाईच्या आंधी."

तासाभरात दावा चालला आणि पुराव्याअभावी फेटाळला गेला. बाई बाबूंच्या टेबलापाशी आली. "बाबू, पुढची तारीख बजाराचीच द्या."

तिला कळलंच नव्हतं.

बाबू उभे राहिले आणि भर कोर्टात म्हणाले, "आता तारीख नाही, बाई. दावा हरला. अन् तो म्या हरवला. सखाराम दर तारखेले हजर होता, म्याच त्याले परत धाडत राह्यलो."

बाईनं पदर सावरला आणि ती बाहेर पडली. बाजार नसल्यानं वडनेरकडे जाणारी बैलगाडी नव्हती, म्हणून ती पायीच निघाली. पुढचा पुकारा चालू असताना बाबूंनी टेबल सोडलं. साहेबांनी हाक मारली, तरी ते थांबले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं: भर उन्हात बाई पुढे चालली होती आणि चार पावलं मागे, टोपी हातात घेऊन, बाबू.