उपाशी आणि उपास

विनिताने रक्त घ्यायला पहिल्याच पोराच्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि त्याने तिच्या तोंडावर ढेकर दिला. शेंगदाण्याच्या कुटाचा.

"परेश, काय खाल्लंस?"

"खिचडी. साबूची. वर केळं, दूध."

"दूध? काल तर म्हणालास, वासही नको."

"आज उपास हाय ना. तुमीच सांगितलात."

विनिताने पट्टा सोडला आणि मागच्या रांगेकडे पाहिलं. विचारेल त्याच्या पोटातून राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, वऱ्याचे तांदूळ निघाले. अख्खी एकादशी!

विनिता उरणच्या कोळीवाड्यातली. बाप होडी सोडून न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला लागला, ही लॅबचा कोर्स करून पनवेलला. पोरांची बारीक शीर तिला पहिल्या टोचण्यात सापडायची आणि बाया-बापड्यांशी ती त्यांच्या बोलीत बोलायची, म्हणून शाळकरी मुलांच्या हाडांच्या या अभ्यासात तिला घेतलेलं. पण विचुंब्याच्या या शाळेतल्या पालकसभेत अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम शेजारी बसल्या आणि विनिताबाई नेमक्या पुस्तकी झाल्या: "मुलांना उपाशीपोटी पाठवावे."

हाडं वाढताना त्यांचे अंश रक्तात उतरतात, ते मोजायचे होते. पोटात अन्न गेलं की आकडा घसरतो, सगळी मेहनत पाण्यात.

"उद्याचा दिवस देते," मॅडम फोनवर म्हणाल्या. "नाही जमलं तर खारघरची शाळा घेऊ."

"मॅडम, तिकडे दुधात घालायला चार चवींच्या पावडरी असतात. इथे चहाला दुधाचा नुसता रंग. वर्षभराच्या कॅल्शियमच्या गोळ्या अभ्यासातल्याच शाळेला मिळणार ना? मग त्या इथल्या पोरांना नकोत?"

"मग उपाशी आण त्यांना."

विनिता तडक परेशच्या घरी. त्याची आजी सोनाबाई ओटीवर सुपात सुका जवळा निवडत बसलेली.

"आजी, उपाशी म्हंजे काय गो?"

"पोटात काय नसनं. मी काय येडी हाय?"

"मग पोराला खिचडी?"

"सुनेला मीच सांगितलं घालाला. सगल्या आळीला सांगितलं."

विनिताने कपाळावर हात मारून घेतला. "अगो, कळलेलं तरी?"

"कळलं म्हनूनशीच! रगत काडनार तू, नि पोर उपाशी धाडू? चक्कर येऊन पडला मंग? उपासाचं घातलं, तुजा शब्दबी राहिला नि पोराचं पोटबी."

"माझा शब्द राहिला? माझी शाळा चालली हातची! गोळ्या जातील खारघरला!"

"ओरडू नको. कोनाची गो तू?"

"उरणची. कोळ्याची."

"मंग तुजी आय तुला उपाशी धाडायची शालेत?"

विनिताची आई परीक्षेच्या दिवशी ताट घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत मागे यायची.

"बरं बाई," ती शेवटी म्हणाली. "पोर नको धाडूस. मीच येते, चूळ भरायच्या आत. रक्त काढते, मग त्याला हत्ती खाऊ दे. पण त्याआधी शीतभर नाय. पाणी पिऊ दे."

सोनाबाईने सूप खाली ठेवलं. "तू ये. आळीला मी सांगते. पन सुई निंघाली का घास. मधी तुजं कागद नाय, काय नाय."

दुसऱ्या दिवशी विनिता खांद्याला बर्फाचा डबा लावून आळीत शिरली. दारोदारी पोरं डोळे चोळत बसलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीशी ताट धरून एक बाई उभी. जणू धावायची शर्यत सुटणार होती.

परेशच्या तोंडाशी भाकरीचा तुकडा धरून सोनाबाई टेकलेली.

"निंघाली?"

"आजी, आत्ता कुठे गेलीये."

"निंघाली?"

"हात हलतोय माझा! थांब ना गो!"

"निंघाली!"

विनिताने कापूस उचलायच्या आत घास पोराच्या तोंडात गेलासुद्धा.

"अगो, कापूस तरी लावू दे!"

"लाव की. तो काय तोंडाला लावायचाय?"

विनिताने दातओठ खात नळी डब्यात ठेवली. स्वच्छ, उपाशी रक्त. ती उठते न उठते तोच शेजारच्या दारातून हाक आली, "ओ मॅडम, हात चालवा! भाकरी गार व्हते इथं!"