अण्णांच्या पाठीमागचा ॲम्प

मार्गासनीच्या आमच्या भजनी मंडळात चक्क बास गिटार वाजते! वाजवणारा वेल्ह्याच्या एसटीचा कंडक्टर. भेटला की आधी गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या आपल्या छोट्या ॲम्पचं कौतुक. "लई स्वस्तातला हाय! मांडीवर बसून येतो, पडला तरी वाजतो, आन् गानाऱ्याच्या डोक्यावर बसत न्हाई. व्हय का न्हाई?" उत्तराला थांबायची सवय नाही. खोक्यावर दोनदा टकटक करतो, डबल बेल दिल्यासारखी, की भजन सुटलंच!

मला ते खोकं पटत नव्हतं. गेल्या गुरुवारी देवळात मी म्हणालोच, "मंडळासाठी मोठा ॲम्प घेऊ. हा विकून टाक."

तो ॲम्प उचलून भिंतीकडं गेला. भिंतीशी अण्णा बसले होते. जन्मभर आमचा पखवाज त्यांनी वाजवला. आता कानांनी काही ऐकू येत नाही, तरी दर गुरुवारी येतात, नुसते आमचे ओठ बघत बसतात.

"अण्णा, जरा पुढं सरका," म्हणत कंडक्टरनं हातानं खूण केली आणि ॲम्प त्यांच्या पाठीला टेकवून ठेवला. टकटक झाली. भजन सुटलं. जाड तार घुमली, पाठीशी खोकं थरथरलं आणि अण्णा दचकले. मग त्यांचे डोळे मोठे झाले, बोटं गुडघ्यावर हलू लागली. आम्ही सगळे बघतच राहिलो.

अण्णांची थाप बरोबर समेवर पडली. टाळ मात्र एकाचाही वाजला नाही.