सायगॉनला जाण्याआधी अमरावतीत: आईसोबतचं एक व्हिएतनामी जेवण

माझ्या धाकट्या बहिणीला, नीताला, व्हिएतनाममधल्या सायगॉनच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली आणि अकोल्यातल्या आमच्या घरात अबोला सुरू झाला. नीता बाहेरगावी राहते; आई तिचा फोनच उचलेना. मला मात्र सारखं विचारायची, "थे पोरगी तिथं खाईन काय?" अमरावतीत एका व्हिएतनामी बाईंचं हॉटेल आहे असं मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा मी ठरवलं की आईला तिथं घेऊनच जायचं. आई म्हणाली, "मी कावून येऊ?" पण रविवारी सकाळी साडी बदलून तीच आधी गाडीत बसली.

मूर्तिजापूर, बडनेरा करत दोन तासांच्या आत पोचलो. रस्ता आता छान आहे. वाटेत भरपेट नाश्ता करू नका, हे मात्र लक्षात ठेवा. हॉटेल कॅम्पातल्या एका शांत गल्लीत आहे. टेबलं मोजकीच, त्यामुळे बारापर्यंत पोचलेलं बरं. मालकीण लान. नवरा शकील अमरावतीचाच, बेकरीवाल्यांच्या घरातला. व्हिएतनाममधल्या दा नांगच्या एका हॉटेलात दोघं एकत्र काम करायचे, तिथंच जमलं. सगळे तिला लानभाभी म्हणतात.

आधी पातळ पिवळं धिरडं आलं. तांदळाच्या पिठाचं, हळद घातलेलं, कडेनं कुरकुरीत, आत मोड आलेले मूग आणि मशरूम. ते पानकोबीत गुंडाळून आंबटगोड चटणीत बुडवायचं. आईनं पहिला घास संशयानं घेतला. दुसरा तिनं स्वतःच गुंडाळला.

मग फ्रेंच वळणाचे पदार्थ. फ्रेंचांनी व्हिएतनामवर राज्य केलं तेव्हा त्यांचा पाव, कॉफी, कस्टर्ड तिथल्या स्वयंपाकघरात शिरलं आणि तिथलंच होऊन गेलं. लांबट पाव शकीलभाईंच्या घरच्या बेकरीतून येतो, वरून कडक, आतून कापसासारखा. सोबत संत्र्याच्या रसात शिजवलेली कोंबडी. "आमच्याकडे बदक घालतात," लान म्हणाली, "इथं बदक कुठं भेटते? पण संत्रं शेंदूरजनाघाटचं. असं संत्रं आमच्याकडे नाही." चक्रफूल, दालचिनी, लसूण आणि त्यामागून येणारा संत्र्याचा किंचित कडवट सुगंध. मी आजवर हॉटेलात जे जे खाल्लं, त्यात या रश्शाला फार वरची जागा देईन. आई पाव बुडवून बुडवून खात होती. शाकाहारी लोकांसाठी असाच रस्सा कोंबडीऐवजी टोफू घालून मिळतो. दोघींचं पोटभर जेवण हजाराच्या आत झालं.

पेल्यावर ठेवलेल्या गाळणीतून कॉफी थेंबथेंब घट्ट दुधावर पडत होती, तेव्हा लान येऊन बसली. आईनं एकदम सांगून टाकलं, "माही पोरगी तुमच्या देशात चालली नोकरीले."

लानचा चेहरा उजळला. "कधी?"

"मी जाऊ नाही देत."

लाननं गाळणी उचलून बाजूला ठेवली. मग तिच्या हिंदी-वऱ्हाडी बोलीत म्हणाली, "माझी मायपण नव्हती देत. मी आली तर तिनं बोलणं सोडलं. मी फोन करे, ती उचले नाही."

"मंग?"

"बाप बिमार पडला. मले कोणी सांगितलं नाही. कळलं तवा लय उशीर झाला होता. मी गेली, तर फक्त फोटो होता समोर."

आईनं कॉफीचा पेला खाली ठेवला.

"आता बोलते का माय?"

"रोज बोलते. भांडते पण." लान हसली. "आई, तुमी रागवा. पण फोन उचला."

आईनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. निघताना लाननं कस्टर्डचा डबा बांधून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर आई खिडकीबाहेर बघत होती. बडनेऱ्याच्या पुढे तिनं एकदाच विचारलं, "किती वर्षाची असन थे?" मी म्हटलं, नीताएवढी असेल.

तुम्ही गेलात तर धिरडं, संत्र्याची कोंबडी आणि कॉफी चुकवू नका. माझ्या जिभेवर अजून संत्र्याची ती किंचित कडवट चव आहे. पण खरं सांगायचं तर, त्या दिवसातलं माझ्यापाशी जे राहिलं ते घरी आल्यावरचं. मी चहा ठेवत होते आणि आईनं स्वतः नीताला फोन लावला.

"तिकीट काढलं काय?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "नसन काढलं तर काढ. मी राग सोडला नाही, समजलं? पण मले रोज फोन करत जाय."

मग आई खुर्ची ओढून बसली. मी चहा गाळला, तिच्यापुढे ठेवला आणि गॅलरीत गेले. आतून बराच वेळ तिचा आवाज येत होता, आधी चढा, मग हळू. नीता काय म्हणाली ठाऊक नाही, पण मधेच आई हसली.