चंचलबेनच्या पट्ट्याचं बक्कल

नाव चंचलबेन, आणि त्यांच्या घरात हलायचा तो फक्त झोपाळा. नडियादच्या त्या चिंचोळ्या गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. जेवण झालं की अंगठ्यानं जमिनीला एक रेटा द्यायचा आणि पुढची दुपार झोपाळ्यावर सोपवायची. भाजी निवडणं, डुलकी काढणं आणि गल्लीतल्या सुनांवर नजर ठेवणं, सगळं तिथूनच.

मुलगी फाल्गुनी बडोद्याला नोकरीला. मनगटावर बांधायचे, पावलं मोजणारे पट्टे लोकांना वापरायला द्यायचे आणि रोजच्या जगण्यात ते कितपत सोसवतात हे तपासायचं, हे तिचं काम. आईच्या गुडघ्यांवरून डॉक्टरांनी दम भरल्यावर तिनं एक पट्टा आईच्याच हाताला बांधला.

"बा, महिनाभर घाल. कुठं टोचतो, कुठं अडतो, ते सांग. आणि तू किती चालतेस ते मला तिकडं फोनवर दिसणार आहे. नाही चाललीस तर या घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे. बाराव्या मजल्यावर."

"तिथं झोपाळा आहे?"

"लिफ्ट आहे."

चंचलबेननी दारातून गल्लीकडे पाहिलं. बाराव्या मजल्यावरून कोणाच्या पिशवीत काय आहे ते कसं दिसणार? आणि मग जगायचं तरी कशावर?

पट्टा मोठा लहरी निघाला. थेपल्यांचं पीठ मळायला घेतलं की खूश होऊन पावलं मोजायचा, झोपाळ्यावर बसलं की मुका. डाळीला फोडणी देताना नेमका मनगटाला गुदगुल्या करून 'उठा, चाला' म्हणायचा. "मेल्या, उभीच आहे ना मी!" चंचलबेन त्याला सुनवायच्या.

मग त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी पट्टा ओढून काढला, झोपाळ्याच्या कडीला सुतळीनं घट्ट बांधला, एक रेटा दिला आणि शेजारच्या पलंगावर खुशाल आडव्या झाल्या. उठून पुन्हा एक रेटा, की पुन्हा आडव्या.

संध्याकाळी फोन आला.

"बा, दुपारी कुठं गेली होतीस?"

"इथंच. जरा चालत होते."

"जरा? पौर्णिमेची पायी वारी नसताना डाकोरला चालत जाऊन आलीस तू! आणि नाडी बंद. पाय चालतायत आणि काळीज थांबलंय, असं दिसतंय मला इथं!"

हा मेला नाडीही मोजतो, हे कोण सांगणार होतं? फाल्गुनी आधी हसली. मग म्हणाली, "पुन्हा असलं केलंस तर येत्या रविवारी टेम्पो घेऊनच येते."

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर चंचलबेन पहिल्यांदाच स्वतः पट्टा बांधायला बसल्या आणि बक्कलानं त्यांच्या नाकी नऊ आणले. संधिवाताची बोटं, त्यात एकच हात मोकळा. दातांनी ओढून पाहिलं, तर कवळी हलली.

त्या वेळी गल्लीत एकच दार उघडं होतं, समोरच्या दिवाळीबेनचं. तिच्याशी तर कित्येक वर्षांचा अबोला. चंचलबेननी गच्चीवर उन्हात मुरवलेला आंब्याचा छुंदा चाखून ही बाई पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "पाक कच्चा राहिला." पण घर जाण्यापेक्षा नाक गेलेलं परवडलं. चंचलबेन गल्ली ओलांडून गेल्या आणि न बोलता हात पुढे केला. दिवाळीबेननी हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. बक्कल लावलं आणि दार लोटलं.

दोन दिवस असंच झालं. मग दिवाळीबेनना राहवेना.

"पुढच्या भोकात घालावं लागतंय. जाड झालीस."

"पट्टा आटलाय."

त्यानंतर चहा आला. "बाजारात चल, तुला अजून वांगी पारखता येत नाहीत," असंही झालं. मग रोज बाजार, रोज मंदिर, आणि वाटभर छुंद्याचा पाक. भांडण रंगलं की दोघींचा वेग वाढायचा.

महिना संपला आणि फाल्गुनी आली. "जिंकलीस, बा. राहा इथंच. पण एवढी चाललीस तरी कशी?"

"पायांनी."

मग चंचलबेननी तक्रारींचा पाढा वाचला. अक्षरं मुंगीएवढी, गुदगुल्या अवेळी, खाली घाम साचतो.

"आणि बक्कल?"

"बक्कल छान आहे."

"काय सांगतेस! सगळी म्हातारी माणसं त्यालाच शिव्या घालतात. म्हणून तर हा नवा आणला. लोहचुंबकाचा. एका हातानं, टक्!"

तिनं जुना पट्टा पिशवीत टाकला. चंचलबेनना अगदी रडू आलं, आणि ते का, हे मुलीला सांगायची लाज वाटली.

सकाळी अंघोळीनंतर नवा पट्टा मनगटावर टेकवला. टक्. झालं. त्यांनी दार उघडलं. समोरच्या उंबऱ्यावर दिवाळीबेन दोन कपांत चहा ओतत बसल्या होत्या.

चंचलबेन आत वळल्या, पट्टा ओढून काढला आणि मुठीत धरून गल्ली ओलांडली.

"नवा दिलाय पोरीनं. लागतच नाही ग."

दिवाळीबेननी तो मनगटावर ठेवला मात्र, टक् करून आपला आपणच बसला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग दिवाळीबेननी तो हळूच उघडला, उलटासुलटा करून पाहिला आणि मोठा सुस्कारा टाकला.

"जुन्यापेक्षा अवघड आहे बाई हा," त्या म्हणाल्या. "रोजच यावं लागणार तुला."