पांढऱ्यावर चढलेला लाल

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. सख्खा दीर एकच, तोही लग्नानंतर कधी फिरकला नाही. पण शाईवाला, टेम्पोवाला, वरच्या मजल्यावरचा घरमालक, या सगळ्यांची ती वहिनी. नवरा रंगमास्तर. हे नाव मात्र त्याने कमावलेलं होतं. कुणी कसलीही चिंधी आणून दाखवावी, हा चार डब्यांतून चमच्याचमच्याने शाई घेऊन हुबेहूब तोच रंग जुळवून देई. मोजमाप नाही की तक्ता नाही. आता त्याच्या छातीचा भाता झाला होता. पंचवीस वर्षं थिनरचा वास ओढल्यावर दुसरं काय होणार? तो खिडकीपाशी खाटेवर बसून रंग कालवायचा, आणि कापडावर ठेवलेल्या छपाईच्या जाळीवरून रबराची पट्टी ओढून शाई उतरवायचं काम वहिनीकडे आलं होतं. एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. ती फोनवर वडिलांच्या खोकल्याची चौकशी करी आणि आईच्या खांद्याची करायची विसरे.

खोली एकच. मधोमध चहूकडे सहा हात पसरलेलं, गोल फिरणारं लोखंडी छपाईचं टेबल, भिंतीला शेगडी, खिडकीला खाट, आणि उरलेल्या जागेत माणसांनी मावायचं. टेबल ठेकेदाराचं होतं. "काम आहे तोवर राहू द्या," असं म्हणून त्याने ते आणून टाकलं होतं. काम आहे तोवर म्हणजे त्याची मर्जी आहे तोवर, हे दोघांनाही न सांगता कळत होतं. ते टेबल गेलं की दोघांच्या हाताला काही उरत नव्हतं.

या धंद्याची गंमत अशी, की अख्खा शर्ट त्यात कुणालाच दिसत नाही. कुठेतरी कुणीतरी फोनवर बोटाने चित्र सरकवतो, इतके नग पाठवा म्हणतो आणि मोकळा होतो. काम घेणाऱ्या कंपनीकडे ना सुई, ना दोरा, ना शाईचा डबा. ती ते ठेकेदाराच्या गळ्यात घालते. ठेकेदार कापड एकाकडून उचलतो, शिलाई दुसऱ्याकडे टाकतो, छातीवरची छपाई वहिनीकडे, बाहीवरची आणखी कुणाकडे, आणि घडी आपल्या शेडमध्ये घालून घेतो. जो तो आपल्यापुरतं बघतो. चूक झाली की मात्र ती कुणाची हे सगळ्यांना लगेच कळतं. ज्याच्या मागे बोलायला कुणी नाही, त्याची.

काम सुरू होण्याआधी एक नमुना छापायचा, त्यावर कंपनीचा माणूस सही करायचा. त्याला म्हणायचे पास तुकडा. एकदा सही झाली की त्यात काडीचाही बदल करायची सोय नव्हती.

त्या वेळी काम आलं ते सहाशे लाल शर्टांचं. छातीवर पांढऱ्या अक्षरांत लिहायचं होतं, 'आपण सगळे एक'. पास तुकडा सुती कापडावर झाला होता. गठ्ठे आले तेव्हा वहिनीने सवयीप्रमाणे एका शर्टाच्या शिवणीतून धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. हा धागा आक्रसला आणि त्याचा टणक मणी झाला.

"पॉलिस्टर," रंगमास्तर खाटेवरूनच म्हणाला. त्याला वासावरून कळलं होतं.

अशा कापडावर शाई पक्की करायला आच दिली की कापडाचा स्वतःचा रंग सुटतो आणि हळूहळू वर चढतो. आज पांढरा शुभ्र दिसतो, तिसऱ्या दिवशी गुलाबी होतो. त्यावर उपाय आहे. खाली राखाडी शाईचं अस्तर द्यायचं. पण त्याला आणखी एक जाळी लागते, एक दिवस जास्त लागतो. वहिनीने ठेकेदाराला फोन लावला.

"भाऊ, हे कापड सुती नाही. यावर पांढरा टिकायचा नाही. खाली अस्तर द्यावं लागेल."

"पास तुकड्यावर अस्तर आहे का, वहिनी?"

"अहो, पण तो तुकडा सुती होता ना."

"त्याच्यावर सही आहे. परवा संध्याकाळी टेम्पो येईल. जमत नसेल तर आत्ताच सांगा, टेबल दुसरीकडे हलवतो."

तिने फोन खाली ठेवला. रंगमास्तर डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"नको छापूस," तो म्हणाला. "माझ्या हातचा पांढरा आहे तो."

"आणि टेबल गेल्यावर तुमचा पांढरा कुठे लावू? भिंतीला?"

तो हसला, हसताना खोकला, आणि खोकता खोकता शाई ढवळायला लागला. वहिनीने आच कमी ठेवून पाहिली. कमी आचेवर रंग चढत नाही, पण शाईही पक्की होत नाही, पहिल्या धुण्याला सोलून निघते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी तिने मधली आच धरली, मनाला बजावलं की होईल काहीतरी, आणि दोन दिवस पट्टी ओढली. ठरल्या संध्याकाळी सहाशे शर्ट गेले, शुभ्र पांढऱ्या अक्षरांचे. बिघडला तर असावा म्हणून दिलेला एक जास्तीचा नग उरला, तो तिने खिळ्याला टांगला.

दुसऱ्या दिवशी अक्षरं पांढरीच होती. तिने दिवसातून दहा वेळा पाहिलं. एवढंच नाही, तर त्या आनंदात तिने दुपारी शेजारणीशी पाऊण तास गप्पाही मारल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी 'आपण'चा काना गुलाबी झालेला दिसला, जेवणवेळेपर्यंत अख्खी ओळ. तिने शर्ट उलटा करून छाती भिंतीकडे केली आणि थिनर आणायला गेली.

ती परत आली तेव्हा शर्ट रंगमास्तरच्या मांडीवर होता. खाटेपासून खिळ्यापर्यंत चार पावलं; तेवढ्यानेही त्याला दम लागला होता. फोन त्याच्या हातात होता.

"सांगितलं मी त्याला," तो म्हणाला. "म्हटलं, लोकांच्या अंगावर जायच्या आत थांबवा. आमच्याकडून झालंय, आम्ही पुन्हा छापून देतो."

"आमच्याकडून? मी आधीच सांगितलं होतं ना त्यांना?"

"छापलं तर आपणच ना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनीला इतका संताप आला की थिनरची बाटली फेकावीशी वाटली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी कधी चिडली नव्हती. आणि तो मान खाली घालून त्या गुलाबी अक्षरांवरून अंगठा फिरवत होता, जणू पुसून जातील. तिला त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. कापड तपासणं छापणाऱ्याचं काम, तुम्ही तपासलं नाहीत, असं तो म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा! दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला पाना घेऊन आला आणि टेबलाचे बोल्ट सोडवू लागला. तो बरा माणूस होता, त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं.

"शर्ट परत आले का रे?" रंगमास्तरने विचारलं.

"कसले परत येतात, मास्तर. तुमचा फोन आला त्या दिवशी सकाळीच लोकांनी घातले होते. कसली तरी पदयात्रा होती. दुपारी काढून बसायला अंथरले. निम्मे तिथेच पडले होते."

"कुणी काही बोललं नाही?"

"काय बोलणार? लाल होते, एवढंच आठवतंय मला."

"मग टेबल का नेतोस?" वहिनीने विचारलं.

टेम्पोवाल्याने पाना हातातल्या हातात फिरवला. "मालक म्हणाले, माल खपला, पण हा माणूस आपणहून फोन करून चूक सांगतो. उद्या थेट कंपनीला सांगेल. असला माणूस परवडत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, शेडमध्ये घडीला एक बाई हवी आहे. मालकांनी तुम्हाला विचारायला—"

"येते," ती म्हणाली. तिने खाटेकडे पाहिलं नाही.

शेडमध्ये शर्टाची घडी छपाई आत ठेवून घालतात, मध्ये कागद देतात. हात इतके भरभर चालवावे लागतात की छातीवर काय आहे ते बघायला सवड नसते. संध्याकाळी ती घरी आली की रंगमास्तर विचारी, "आज कुठले रंग होते?" पहिल्या दिवशी ती म्हणाली, निळ्यावर पिवळा. "लिंबाचा की हळदीचा?" "हळदीचा," तिने ठोकून दिलं. त्याने मान डोलावली. "मग त्यात थेंबभर लाल टाकला असणार." त्यावर तो बराच वेळ बोलत राहिला, आणि ती भाजी चिरता चिरता हो हो करत राहिली.

पंधरा दिवस ती असे रंग सांगत गेली. एकदा दमून आली होती, खांदा ठणकत होता. ती म्हणाली, हिरव्यावर हिरवा.

"तसं कुणी छापत नाही गं," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने विचारणं सोडलं. ती आली, पाय धुतले, वाट पाहिली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. आता रोज उठून काही रचून सांगायला नको, म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याचंच तिला शेगडीपाशी रडू आलं.